सरासरीचा पाऊस कुणाच्या शिवारात पडतो?

सकाळचे साडेआठ. तालुक्याच्या कचेरीमागे तारेच्या कुंपणात गुडघाभर उंचीचा पर्जन्यमापक उभा आहे. शिपाई वरचं नरसाळं काढतो, आतली बाटली उचलतो, तिच्यातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो आणि पात्र नजरेच्या रेषेत धरून एक डोळा बारीक करतो. "एकतीस पॉइंट चार." मग बाटली झटकून परत जागेवर, आणि आकडा खिशातल्या कागदावर. संख्याशास्त्र शिकवणारा हा मास्तर इथे सकाळी सकाळी कशाला येतो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मी तिथल्या जुन्या पाऊसवह्या उतरवून घेत होतो.

त्या यंत्राचं तोंड जेमतेम सोळा सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे २०० चौरस सेंटिमीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे त्यात जमणारं वीस मिलिलिटर पाणी, खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं. हाच एक मिलिमीटर एका गुंठ्यावर पडला तर शंभर लिटर होतो आणि एकरावर चार हजारांच्या वर जातो. महाराष्ट्रात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळं आहेत आणि राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला साधारण दीडशे चौरस किलोमीटर. एवढ्या मुलखात काल काय घडलं, याची साक्ष एका ताटलीएवढ्या तोंडाने द्यायची. आता मंडळांत स्वयंचलित यंत्रं आली आहेत, बाटली उचलणारा माणूस बऱ्याच ठिकाणी गेला. ताटली मात्र ताटलीएवढीच आहे.

तरीही माझं भांडण या मापाशी नाही. इतक्या साध्या साधनाने, इतकी वर्षं, रोज ठरल्या वेळी एकच प्रश्न विचारत राहणं हे मला आपल्या सरकारी व्यवहारातलं सर्वात वैज्ञानिक काम वाटतं. भांडण आहे ते आकडा वहीतून वर गेल्यावर त्याचं जे होतं त्याच्याशी. दिवसाचे आकडे मिळवून महिना होतो, महिने मिळवून हंगाम होतो, हंगामाला 'सरासरी'ने भागून टक्केवारी निघते, आणि सप्टेंबरअखेर वर्तमानपत्रात मथळा येतो: पावसाने सरासरी गाठली. बेरीज बरोबर, भागाकार बरोबर. पण पाऊस ज्या क्रमाने, ज्या दिवशी, ज्या जोराने पडला ते सगळं त्या भागाकारात विरघळून गेलेलं असतं, आणि शेतीचं नि शहराचं बरंवाईट नेमकं त्यावरच ठरलेलं असतं.

देशाचा जून ते सप्टेंबरचा सरासरी पाऊस ८६८.६ मिलिमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून हवामान खात्याने तो काढला आहे. या चार महिन्यांचे दिवस १२२. भागलं की दिवसाला सात मिलिमीटर येतात. रोज नेमाने सात मिलिमीटर पडत असते तर मराठीला भुरभुर, रिपरिप, सर, झड, संततधार, मुसळधार एवढ्या शब्दांची गरज पडली नसती, आणि पाऊस थांबल्याच्या दिवसालाही उघडीप असं वेगळं नाव द्यावं लागलं नसतं. आपल्या भाषेने पाऊस कधीच सरासरीत मोजला नाही. प्रत्येक शब्दात जोर आणि टिकाव असे दोन्ही घटक धरलेले आहेत. झड म्हटलं की पाऊस मध्यम आणि मुक्काम दोन-तीन दिवसांचा, हे वेगळं सांगावं लागत नाही.

कागदावरचं उदाहरण घेऊ. दोन गावं, दोघांचाही हंगाम ६०० मिलिमीटरचा. एका गावात चाळीस दिवस रोज पंधरा पडले. दुसऱ्या गावात सहा दिवस प्रत्येकी शंभर पडले आणि उरलेले ११६ दिवस कोरडे गेले. पहिल्या गावात विहिरींना पाझर फुटतील, सोयाबीन कमरेला लागेल. दुसऱ्या गावात माती वाहून जाईल, बांध फुटतील, आणि मधल्या उघडिपीत पीक माना टाकेल. अहवालात दोन्ही गावांपुढे एकच आकडा आणि एकच शेरा.

हे फक्त कागदावर घडतं असं कुणी म्हणू नये, म्हणून २०२३ आठवून पाहा. त्या वर्षीचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला देशातला सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. देशभरात नेहमीच्या मानाने ३६ टक्के पाऊस कमी पडला. महाराष्ट्रात जुलैने भरपूर दिलं होतं, सप्टेंबरनेही काही हात दिला. चार महिन्यांची बेरीज केली तेव्हा राज्य हवामान खात्याच्या व्याख्येनुसार 'सर्वसाधारण' गटात बसलं. आणि ऑक्टोबर संपता संपता त्याच राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. ऑगस्टमध्ये फुलोऱ्यात जळालेल्या सोयाबीनला सप्टेंबरचं पाणी मागच्या तारखेने देता येत नाही, एवढंच त्या बेरजेला कळत नव्हतं.

याहून मोठा दाखला पुण्यातल्याच संशोधनाचा आहे. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख प्रसिद्ध केला. मध्य भारतावरच्या १९५१ ते २००० या काळातल्या रोजच्या पावसाच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. हंगामाच्या सरासरीत त्यांना लक्षणीय बदल दिसला नाही. पण दिवसाला १०० मिलिमीटरच्या वर जाणाऱ्या जोरदार पावसाच्या घटना वाढत होत्या आणि मध्यम पावसाच्या घटत होत्या. वाढ नि घट एकमेकींना खाऊन टाकत होत्या आणि सरासरी जागच्या जागी उभी होती. म्हणजे पन्नास वर्षं आपला पाऊस आतून बदलत गेला, आणि ज्या आकड्यावर देशाचं लक्ष होतं त्याला याचा पत्ताही लागला नाही. पुढे त्याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि इतरांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातल्या दूरवर पसरलेल्या अतिजोरदार पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या. हे कळलं ते दिवसाचे आकडे कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून. मासिक बेरजाच उरल्या असत्या तर हा शोध लागलाच नसता.

'सर्वसाधारण' या शब्दाचीही जरा झडती घ्यायला हवी. जिल्ह्याचा किंवा हवामान उपविभागाचा पाऊस सरासरीच्या १९ टक्के खाली असो वा १९ टक्के वर, तो सर्वसाधारण. वीस टक्के तूट झाली की 'अपुरा'. आता कोकणात हंगामाला तीन हजार मिलिमीटर धरले तर १९ टक्के म्हणजे ५७० होतात. माण-खटावला वर्षभरात एवढं मिळालं तर लोक देवाला नारळ फोडतील. पण खरी अडचण आकाराची नाही, चढउताराची आहे. कोकणातला पाऊस दरवर्षी बऱ्यापैकी आपल्या सरासरीच्या आसपास राहतो, तिथे १९ टक्के तूट ही कान टवकारण्याजोगी घटना असते. मराठवाड्यात पावसाची ओढाताणच एवढी की १९ टक्क्यांचं कुणाला काही वाटत नाही. दोघांना एकच पट्टी लावली की एकीकडे धोका झाकला जातो आणि दुसरीकडे नेहमीचीच गोष्ट बातमी होते. गंमत म्हणजे हवामान खात्याला हे चांगलं ठाऊक आहे. अख्ख्या देशाच्या पावसासाठी ते ९६ ते १०४ टक्के एवढाच पट्टा सर्वसाधारण मानतं, कारण देशपातळीवरचा चढउतार दहा टक्क्यांच्या आसपासच असतो. देशाला लावलेला हा विवेक तालुक्याला लावायला काय हरकत आहे?

तिथे उत्तर सोपं आहे: पन्नास वर्षांचे आकडे चढत्या क्रमाने लावा आणि यंदाचा आकडा खालून कितवा आला ते सांगा. "यंदाचा जुलै गेल्या पन्नास जुलैंमध्ये खालून चौथा" हे वाक्य गावच्या पारावरही कळतं, त्यासाठी टक्केवारी शिकावी लागत नाही. शिवाय एक खोडही मोडते. कोरड्या मुलखात एखाद-दुसरं धो-धो वर्ष सरासरीला वर खेचून ठेवतं, त्यामुळे निम्म्याहून जास्त वर्षं 'सरासरीपेक्षा कमी' निघतात आणि आपल्याकडे कायमचीच तूट आहे अशी समजूत होते. क्रमाने लावलेल्या आकड्यांतला मधला घेतला की ती समजूत आपोआप जाते.

सरासरीची बाजूही ऐकली पाहिजे. धरणाला बेरीजच लागते. कोयनेचे १०५ टीएमसी भरले की नाही, हे पाणी चाळीस दिवसांत आलं की वीस, यावर ठरत नाही. वीज आणि पिण्याचं पाणी यांच्या नियोजनाला हंगामाचा आकडा पुरतो. पण त्याच धरणाचे दरवाजे कधी आणि किती उचलायचे हे दिवसावर ठरतं, कधी तासावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकरांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा त्यांना हंगामाची टक्केवारी कुणी विचारली नाही.

दिवसांची सरासरी जशी फसवते तशी जागांचीही फसवते. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात त्याच २४ तासांत ७५ सुद्धा नाही. दोन वेधशाळांची सरासरी काढली तर पाचशेच्या आसपास येते. कुलाब्यात बसलेल्या माणसाला तो आकडा भयंकर वाटेल आणि कुर्ल्यात पोटमाळ्यावर रात्र काढलेल्याला हास्यास्पद. मोठ्या प्रमाणावर हेच 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात रोज घडतं. महाराष्ट्राचे हवामानदृष्ट्या चार तुकडे: कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ. त्यातल्या मध्य महाराष्ट्रात वर्षाला पाच हजार मिलिमीटर ओलांडणारं महाबळेश्वर आहे आणि जेमतेम पाचशेवर वर्ष काढणारा माणदेशही आहे. या दोघांचा एकत्र पाऊस टीव्हीच्या नकाशावर एकाच रंगात रंगवतात.

त्या २६ जुलैची आणखी एक गोष्ट. हवामान खात्याचा दिवस मध्यरात्री बदलत नाही, तो सकाळी साडेआठला बदलतो, आणि चोवीस तासांचा पाऊस ज्या सकाळी मोजला त्या तारखेवर मांडला जातो. त्यामुळे मुंबईकर ज्याला कायम २६ जुलै म्हणणार, तो पाऊस वहीत २७ जुलै २००५ पुढे सापडतो. ज्यांना हे माहीत नसतं ते आकड्यांच्या तक्त्यात २६ तारीख शोधतात आणि गोंधळतात. माझे विद्यार्थी दरवर्षी गोंधळत.

शहरात ही गंमत म्हणून सोडून देता येईल. शिवारात साडेआठचा काटा पैशात मोजला जातो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, आणि पंचनाम्याचं, मदतीचं गाडं त्या शब्दावर हलतं. कचेरीमागच्या त्या शिपायाने एकदा मला सहज सांगितलं होतं, "सर, कालचा पाऊस सकाळी सातला लागला आणि दहाला उघडला. निम्मा काल, निम्मा आज." तीन तासांत शंभर मिलिमीटर कोसळला आणि बरोबर मध्ये साडेआठ वाजले, तर वहीत पन्नास आणि पन्नास. अतिवृष्टी झालीच नाही. तोच पाऊस दुपारी दोनला लागला असता तर झाली असती. कपाशी मात्र दोन्ही वेळा सारखीच आडवी होते.

उंबरठे लागतात, हे मला मान्य आहे. सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते. दिवसाला अडीच मिलिमीटर पाऊस झाला तर तो 'पावसाळी दिवस', ही जुनी रेघही अशीच सोयीची. सलग दहा दिवस २.४ पडला तर २४ मिलिमीटर पाऊस पडूनही पावसाळी दिवस शून्य. वर्गवारीपुरतं हे चालतं. पण ज्या रेघेच्या अलीकडे काही नाही आणि पलीकडे सगळं, ती रेघ मोजमापाच्या चुकीहून बारीक असता कामा नये. वारा जोराचा असेल तर पर्जन्यमापकात पाऊस मुळात कमी सापडतो, हे या क्षेत्रातलं पहिलं प्रकरण आहे. दीडशे चौरस किलोमीटरच्या मंडळात एका ठिकाणी ६४ आणि दुसऱ्या ठिकाणी ६६ यांत फरक करणं संख्याशास्त्राला जमत नाही. तलाठ्याला मात्र करावा लागतो. यावर तोडगा अवघड नाही. घड्याळाशी बांधलेल्या दिवसाऐवजी कोणतेही सलग चोवीस तास धरा. स्वयंचलित यंत्रं तासातासाचा पाऊस नोंदवतात, तेव्हा एवढी बेरीज संगणकाला क्षणाचंही काम नाही. आणि शून्य किंवा सगळं या हिशोबाऐवजी मदत पावसाबरोबर पायरीपायरीने वाढू द्या.

आता क्रमाकडे येतो. माझ्या मते पावसाच्या गणितातला हा सर्वात रसाळ भाग आहे, आणि सार्वजनिक चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

समजा, एखाद्या ठिकाणी पावसाळ्यात शंभरातले तीस दिवस पावसाचे आणि सत्तर कोरडे. प्रत्येक दिवस आदल्या दिवसाशी संबंध न ठेवता चिठ्ठी उचलावी तसा ठरत असेल, तर आजच्या कोरड्या दिवसापुढे आणखी वीस दिवस कोरडे जाण्याची शक्यता दहा हजारांत आठ. जवळजवळ नाहीच. पण पाऊस चिठ्ठ्यांसारखा वागत नाही. त्याला सवय असते. काल पडला तर आज पडण्याकडे कल, काल नाही तर आजही नाही याकडे कल. समजा, कोरड्या दिवसानंतर कोरडाच दिवस येण्याची शक्यता शंभरात नव्वद आहे, आणि पावसाच्या दिवसानंतर पावसाचा येण्याची सुमारे ७७. गणित करून पाहा, पावसाचे दिवस याही गावात शंभरात तीसच भरतात, बेरजेत काही फरक नाही. पण आता पुढचे वीस दिवस कोरडे जाण्याची शक्यता शंभरात बारा होते. दहा हजारांत आठवरून शंभरात बारावर, म्हणजे दीडशे पट. पीकविमा असो की दुष्काळाच्या बैठका, एकवीस दिवसांचा खंड हा शब्द आपण सारखा ऐकतो. तो खंड येणार की नाही हे सरासरी पाऊस सांगत नाही, ही सवय सांगते.

या सवयीला गणितात मार्कोव्ह साखळी म्हणतात. गॅब्रिएल आणि न्यूमन या दोघांनी १९६२ मध्ये तेल अवीवच्या रोजच्या पावसाला ती लावून दाखवली आणि तेव्हापासून जगभर हा रस्ता मळलेला आहे. तिथला पाऊस हिवाळी, आपला मोसमी. म्हणून आपल्याकडे साधी साखळी थोडी अपुरी पडते. आपला मॉन्सून फक्त कालची आठवण ठेवून चालत नाही. मॉन्सूनचा आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की मध्य भारतावर खंड पडतो आणि तो आठवडा-आठवडा हलत नाही; बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन आत सरकलं की पुन्हा झड लागते. त्यामुळे लांब उघडिपी साध्या साखळीच्या अंदाजाहूनही जास्त वेळा येतात. मूळच्या पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी मॉन्सूनच्या या सक्रिय आणि खंडाच्या काळांवर हयातभर काम केलं. मला त्यांचं अनंतपूरच्या भुईमुगाचं काम जास्त भावतं. पाऊस सरासरीइतका होईल का, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी कित्येक वर्षांचा रोजचा पाऊस पिकाच्या वाढीशी जोडून पाहिला: कोणत्या तारखेला पेरलं तर फुलं धरताना आणि शेंगा भरताना खंड गाठण्याचा धोका कमी? शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न हाच असतो. वाफसा आहे, पाभर तयार आहे, आज पेरू की थांबू. आपलं कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. सल्ला योग्य आहे, पण तोही बेरजेचाच. शंभर मिलिमीटर एका रात्रीत पडून पुढे उघडीप पडली तर दुबार पेरणी चुकत नाही.

क्रम महत्त्वाचा आहे हे सरकारने एकदा कबूल केलेलं आहे, हे इथे नोंदवायला हवं. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानली: सलग पाच दिवस, प्रत्येक दिवशी किमान १० मिलिमीटर, आणि त्यापुढे आणखी निकष. कल्पना उत्तम; रेघ एका दिवसावर न मारता दिवसांच्या माळेवर मारली गेली. पण रेघ आली की तिचा जाच आलाच. अठरा, चौदा, नऊ, बावीस, सोळा असा पाऊस झाला की नऊच्या दिवशी माळ तुटते. शेतात चिखल तसाच असतो.

आपल्या आजोबा-पणजोबांनी पावसाळा महिन्यांत मोजला नाही, नक्षत्रांत मोजला. सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवसांच्या आसपास राहतो. म्हणजे रोहिणीपासून हस्तापर्यंत पावसाळ्याचे दहा कप्पे. दिवस फार लहान, महिना फार मोठा, आणि पिकाची एक अवस्था साधारण पंधरवड्याची: संख्याशास्त्रज्ञाला विचारलं असतं तर त्यानेही याच्याच जवळपासचा कप्पा सुचवला असता. पुनर्वसूचा तो तरणा आणि पुष्याचा तो म्हातारा पाऊस, या नावांत अनेक पिढ्यांचा जोराचा आणि टिकावाचा अनुभव साठला आहे. नक्षत्रांचं वाहन बेडूक की हत्ती यावरून अंदाज बांधणाऱ्यांशी मला देणंघेणं नाही. शिवाय नाक्षत्र वर्ष ऋतुचक्रापेक्षा वीस मिनिटांनी मोठं असल्याने सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवस याप्रमाणे नक्षत्रं ऋतूंच्या पुढे सरकत आहेत. हजार वर्षांपूर्वीचं मृग आजच्यापेक्षा दोन आठवडे आधी लागत होतं. कप्प्याची लांबी घ्यावी, भविष्य सोडून द्यावं.

शक्यतेची भाषा आपल्याकडे वापरतात ती फक्त आपत्तीनंतर, आणि तीही उलटी. "शंभर वर्षांतून एकदा होणारा पाऊस होता," असं म्हटलं की जबाबदारी झटकली जाते आणि पुढची नव्याण्णव वर्षं निश्चिंती. याचा खरा अर्थ असा की कोणत्याही एका वर्षी तो पडण्याची शक्यता शंभरात एक. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात अठरा. इतक्या जोखमीवर कुणी जुगार खेळणार नाही, पण नदीच्या पूररेषेत घर घेतो. आणि राज्यात दोन हजार मंडळं असतील, तर प्रत्येकाच्या मानाने 'शंभर वर्षांतून एकदा'चा पाऊस दरवर्षी सरासरी वीस मंडळांत व्हायलाच हवा. एखाद्या वर्षी एकाही ठिकाणी नाही, एखाद्या वर्षी एका रात्रीत पन्नास ठिकाणी. त्याला अभूतपूर्व म्हणणं हा हिशोब न केल्याचा पुरावा आहे. तोही हिशोब जुन्या पावसावर बेतलेला. पावसाचा स्वभाव बदलत असेल तर शंभराचे साठ-सत्तर कधीच झाले असतील.

हे सगळं करायचं तर दिवसाचा आकडा खरा हवा. त्या कचेरीतल्या जुन्या वह्या उतरवताना एका दशकापुरती मी वारानुसार बेरीज काढली. सोमवारी पाऊस जास्त निघाला, रविवारी फार कमी. ढगांना रविवार कळत नाही. रविवारी कुणी आलं नव्हतं, दोन दिवसांचं पाणी सोमवारी मोजलं होतं, आणि रविवारच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं. ही चूक महिन्याच्या बेरजेत दिसत नाही, म्हणून कुणाला खुपली नाही. पण तिने एक कोरडा दिवस जन्माला घातला, एका दिवसाचा पाऊस फुगवला आणि माळ तोडली. वर सांगितलेलं सगळं गणित तिथे नासतं. 'मोजला नाही' आणि 'पडला नाही' यांना एकच शब्द असणं हा आपल्या पाऊसवह्यांचा सर्वात मोठा दोष आहे. यंत्रं आल्यावर माणसाचा रविवार गेला, पण बॅटरी उतरलेल्या यंत्राचं शून्य आलं. नरसाळ्यात पाला अडकला तरी शून्यच येतं.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक मंडळाचा रोजचा पाऊस, जमेल तिथे तासाचा, गेल्या जितक्या वर्षांचा सापडेल तितक्या वर्षांचा, कुणालाही विनामूल्य उतरवून घेता यावा. ज्या दिवशी मोजला गेला नाही त्या रकान्यात निरंक लिहू नये, स्पष्ट 'नोंद नाही' लिहावं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कालच्या आकड्याशेजारी हा पंधरवडा गेल्या पन्नास वर्षांत कितवा, एवढं एक वाक्य असावं. हवामान खातं, महसूल खातं आणि कृषी खातं यांच्याकडे यासाठी लागणारं बहुतेक सगळं आजच आहे.

तोवर वाचकांनी एक करावं. उद्या सकाळी साडेआठनंतर आपल्या मंडळाचा आकडा विचारून घ्यावा आणि वहीत लिहावा. वही जूनच्या पहिल्या तारखेपासून सुरू केली तर १२२ ओळी लागतात.